दिव्याच्या तेलाला बारा निवर्तने

इ.स. ८५१ सालचा एक अरबी वृत्तांत आहे. हिंदुस्थान आणि चीनच्या वाटेवर जहाजे घालणाऱ्या व्यापाऱ्यांकडून कळलेल्या गोष्टी त्यात लिहून ठेवल्या आहेत. सुलेमान सौदागराचे नाव त्याला पुढे चिकटले. हिंदी आणि चिनी लोकांच्या मते पृथ्वीवर मोठे राजे चारच, असे त्यात म्हटले आहे. पहिला अरबांचा खलिफा, दुसरा चीनचा सम्राट, तिसरा रूमचा बादशहा आणि चौथा बल्हारा, कान टोचणाऱ्या लोकांचा राजा.

आपल्या बखरींत ‘रूमशाम’ येते, त्यातले हे रूम म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलची राजवट. ते शहर आज इस्तंबूल म्हणून ओळखले जाते आणि त्या राजवटीला इतिहासाची पुस्तके बायझंटाइन साम्राज्य म्हणतात. बल्हारा म्हणजे वल्लभराज, मान्यखेटचा राष्ट्रकूट राजा. ८५१ साली त्या गादीवर अमोघवर्ष नृपतुंग होता. हे घराणे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेई. ते लत्तलूर म्हणजे आपले लातूर, हे आता बहुतेक अभ्यासक मानतात. आणि आमच्या लोह्याहून पंधराएक किलोमीटरवरचे कंधार तर या घराण्याचे लाडके गाव. तिथला किल्ला, भोवतीचा खंदक, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव, महाकाय क्षेत्रपालाच्या मूर्तीचे विखुरलेले अवयव, तिसऱ्या कृष्णाच्या काळातला शिलालेख, हे सगळे त्यांच्याच खुणा सांगते. अरबी खलाशाने रूमच्या शेजारी ज्या राजाला बसवले, त्याच्या अंगणात आम्ही राहतो.

मला या दोन राजांच्या हत्तीघोड्यांशी कर्तव्य नाही. त्यांनी विद्येची सोय कशी लावली आणि त्यातले काय टिकले, हे मला पाहायचे आहे. लोह्याच्या स्टँडवरून दर जूनमध्ये गाद्यांच्या वळकट्या आणि डब्यांच्या पिशव्या घेऊन लातूर-नांदेडच्या गाड्यांत चढणारी पोरे पाहिली की हा प्रश्न माझ्यापुरता तरी जुना राहत नाही.

आधी रूमची गोष्ट. कॉन्स्टॅन्टिनोपलमध्ये सरकारी खर्चाने उच्च शिक्षण देण्याची चाल फार जुनी. ४२५ साली दुसऱ्या थिओडोसियसने फर्मान काढून एकतीस अध्यापकांच्या जागा ठरवून दिल्या: लॅटिन आणि ग्रीक व्याकरणाचे दहा-दहा, वक्तृत्वाचे लॅटिनला तीन व ग्रीकला पाच, कायद्याचे दोन आणि तत्त्वज्ञानाचा एक. पुढच्या शतकांत युद्धे, साथी आणि धर्मातले कलह यांत ही घडी विस्कटली. नवव्या शतकात ती पुन्हा बसवली बर्दास नावाच्या कारभाऱ्याने. तिसरा मायकेल सम्राट होता, पण राज्य चालवीत असे त्याचा हा मामा. ८५५ च्या सुमारास त्याने राजवाड्याच्या आवारातल्या मॅग्नाउरा नावाच्या दिवाणखान्यात पाठशाळा उघडली. तत्त्वज्ञान शिकवायला लिओ, भूमितीला थिओडोर, खगोलाला थिओडेजियस आणि व्याकरणाला कोमेटास. फी नव्हती. बर्दास स्वतः येऊन पाठ ऐकत बसे, असे बखरकार सांगतात.

हा मॅग्नाउरा म्हणजे साधी खोली नव्हे. परदेशी वकील सम्राटाला भेटत तो हाच दिवाणखाना. ९४९ मध्ये इटलीतून आलेल्या लिउटप्रांडने त्याचे वर्णन केले आहे. सिंहासनापुढे सोन्याचा मुलामा दिलेले झाड, त्याच्या फांद्यांवर धातूचे पक्षी, प्रत्येकाचा स्वर वेगळा. दोन्ही बाजूंना सिंह, ते शेपटी आपटीत गर्जना करीत. वकिलाने तीनदा लोटांगण घालून मान वर केली तर सम्राट सिंहासनासकट छतापाशी पोचलेला आणि अंगावरची वस्त्रेही बदललेली. पाहुण्याला दिपवण्यासाठी केलेल्या या यंत्रांच्या आसपास यूक्लिडची भूमिती शिकवली जात होती. यात मला विसंगती दिसत नाही. ती यंत्रे करणारे कारागीर आणि ती प्रमेये सोडवणारे पंडित, दोघेही एकाच दरबाराच्या भाकरीवर होते.

लिओची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्याचा एक शिष्य लढाईत अरबांच्या हाती सापडला. बगदादला खलिफा मामूनच्या भूमितिज्ञांपुढे त्याने यूक्लिडची प्रमेये नुसती म्हणून दाखवली नाहीत, ती का खरी हेही सांगितले. तुझा गुरू कोण, असे विचारल्यावर लिओचे नाव निघाले. खलिफाने लिओला बोलावणे धाडले. ते पत्र सम्राट थिओफिलसपर्यंत पोचले, तेव्हा कुठे त्याला कळले की आपल्याच शहरात हा माणूस गरिबीत शिकवण्या घेऊन दिवस काढतो आहे. मग त्याला वेतन मिळाले. पुढे तो थेसालोनिकाचा धर्माधिकारी झाला आणि अखेर मॅग्नाउरात आला. गोष्टीत तिखटमीठ असेलच. तरी परक्याने मागणी केल्यावरच घरच्या विद्वानाची किंमत कळते, हे सांगणारे तेव्हाही होते, एवढे त्यातून नक्की होते.

त्याच सुमारास, ८५० च्या आगेमागे, मान्यखेटच्या दरबाराच्या आश्रयाने महावीराचार्य ‘गणितसारसंग्रह’ लिहीत होते. हा ग्रंथ अकराशेहून अधिक श्लोकांचा आहे. आरंभीच अमोघवर्षाची स्तुती आहे. पुढे मात्र राजा मागे पडतो आणि बाजार, शेत, सोनाराची भट्टी पुढे येते. व्याज, भागीदारी, सोन्याचा कस, खड्ड्याचे घनफळ, धान्याची रास, तुटलेल्या हारातून सांडलेले मोती. अमुक वस्तूंतून तमुक वस्तू किती प्रकारे निवडता येतील, याचा सर्वसाधारण नियम महावीरांनी दिला. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, हेही त्यांनी स्पष्ट नोंदवले. शून्याने भागाकार केल्यास संख्या तशीच राहते, असे त्यांनी म्हटले, ते मात्र चूक आहे. ज्योतिषापासून सुटे करून निव्वळ गणिताला वाहिलेला एवढा मोठा ग्रंथ त्याआधी आपल्याकडे क्वचितच. अकराव्या शतकात पावुलूरि मल्लनाने तो तेलुगूत आणला आणि १९१२ साली मद्रासला एम. रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला.

राजवाड्याच्या पाठशाळेचे दुखणे एकच, ती वाड्याच्या श्वासावर जगते. ८६६ साली बर्दासचा खून झाला आणि मॅग्नाउराच्या शाळेचे नाव ऐकू येईनासे झाले. दहाव्या शतकात सातव्या कॉन्स्टन्टाइनने चार जागा पुन्हा भरल्या: तत्त्वज्ञान, वक्तृत्व, भूमिती, खगोल. हा सम्राट स्वतः ग्रंथकार. विद्यार्थ्यांना तो आपल्या पंक्तीला जेवायला बसवी, हातखर्चाला पैसे देई आणि त्यांतूनच पुढे न्यायाधीश, चिटणीस, धर्माधिकारी नेमी. ९५९ मध्ये तो वारला. पुढे आलेला दुसरा बेसिल विद्वानांना जवळ करीत नसे, असे इतिहासकार प्सेलोसने लिहून ठेवले आहे. अकराव्या शतकात नवव्या कॉन्स्टन्टाइनने पुन्हा मांडणी केली, तोवर आधीची मोडलेली.

इकडेही तेच झाले. कॉन्स्टन्टाइन सम्राट विद्यार्थ्यांना जेवू घालीत होता त्याच काळात मान्यखेटच्या गादीवर तिसरा कृष्ण होता, आपल्या कंधारच्या शिलालेखातला. त्याने पोन्न कवीला दोन भाषांचा कविचक्रवर्ती ही पदवी दिली. त्याचा मंत्री भरत याच्या घरी पुष्पदंत नावाचा अपभ्रंश भाषेतला महाकवी राहत होता. पुष्पदंत मानी माणूस. कुठल्याशा दरबारात अपमान झाला म्हणून तो पायी चालत मान्यखेटला आला आणि थकून गावाबाहेरच्या बागेत टेकला. तिथून त्याला समजावून भरताच्या घरी नेण्यात आले. ९५९ ते ९६५ या वर्षांत त्याने ‘महापुराण’ पुरे केले. ९७२ साली माळव्याच्या सीयकाने मान्यखेट लुटले. आता आपण राहायचे कुठे, असा त्या कवीचा आकांत त्याच्या ग्रंथाच्या पोथ्यांत शिल्लक आहे. जेत्याच्या मुलखात, धारा नगरीत, धनपाल पंडित त्याच वेळी प्राकृत शब्दांचा कोश रचीत होता. माळव्याने मन्नखेड लुटले तेव्हा हा कोश झाला, अशी कालाची खूण त्याने ग्रंथाच्या शेवटी घातली. कोश कुणासाठी? सुंदरी नावाच्या धाकट्या बहिणीसाठी. एका शहराची राखरांगोळी आणि बहिणीला भाषा नीट यावी म्हणून केलेली भावाची खटपट, दोन्हींचे साल एकच.

राजे एवढे सांगून पुरे. मला आता एका खांबाकडे वळायचे आहे.

सोलापूरच्या खाली, आजच्या कर्नाटकात, विजयपूर जिल्ह्याच्या इंडी तालुक्यात साळोटगी हे गाव आहे. जुने नाव पाविट्टगे. तिथल्या दगडी खांबावर शके ८६७, म्हणजे इ.स. ९४५ चा लेख कोरला आहे. तिसऱ्या कृष्णाचा मंत्री नारायण याने तिथे शाळा बांधली. बांधणारा मंत्री, पण ती चालवण्याची तजवीज गावाने केली आणि ती तजवीजच लेखाचा गाभा आहे. ठिकठिकाणच्या मुलखांतून आलेले विद्यार्थी इथे राहतील, म्हणून सत्तावीस घरे. शाळेच्या चरितार्थाला पाचशे निवर्तने जमीन. फुलबागेला चार निवर्तने. शिकवणाऱ्याला पन्नास निवर्तने आणि राहायला घर. आणि दिव्यांसाठी बारा निवर्तने. निवर्तनाचे माप प्रांताप्रांतात बदले. एक निवर्तन चार-पाच एकरांचे धरले तरी दिव्यांचीच जमीन पन्नास-साठ एकरांवर जाते. रात्री पोथी वाचायला तेल लागते, ते कुणाच्या आठवणीवर सोडायचे नाही, त्याला शेत लावून द्यायचे, हे ज्याला सुचले त्या माणसाला शाळा म्हणजे काय ते पुरते कळले होते.

याच्याही पुढची कलमे आहेत. गावात लग्न झाले की शाळेला पाच नाणी, मुंज झाली की अडीच, जावळ काढले की त्याहून कमी. कुणी जेवणावळ घातली तर शाळेच्या मंडळींनाही ऐपतीप्रमाणे द्यावे. म्हणजे दर घरच्या मंगल कार्याशी परगावच्या मुलांचा घास जोडला. राजाचे नाव लेखात आहे, ते रीतीप्रमाणे. शाळा उभी राहिली ती पाविट्टगेच्या रानावर आणि तिथल्या लग्नकार्यांवर.

शंभर वर्षांनी दोन्हीकडे पुन्हा हालचाल दिसते. १०४७ च्या सुमारास नवव्या कॉन्स्टन्टाइनने कायद्याची शाळा काढली आणि तिच्यावर जॉन झिफिलिनोसला नेमले. वेतन वर्षाला चार रत्तल सोने, शिवाय रेशमी वस्त्र. तत्त्वज्ञानाची बाजू मायकेल प्सेलोसकडे. कायद्याच्या शाळेच्या फर्मानात ग्रंथपालाचाही उल्लेख आहे, पुस्तके त्याने आचार्यांना काढून द्यायची. दहा वर्षेही गेली नाहीत तोच वारे फिरले आणि दरबारातल्या चढाओढीला कंटाळून दोघेही मठवासी झाले. इकडे १०५८ साली, कल्याणीच्या चालुक्यांच्या अमलात, पहिल्या सोमेश्वराच्या वेळी, मान्यखेटपासून जवळच नागावी इथे मधुसूदन दंडनायकाने घटिकाशाळा स्थापली. वेदाचे दोनशे विद्यार्थी, शास्त्रांचे पन्नासच्या आसपास. वेद शिकवायला तीन आचार्य. शास्त्रांना तीन: कुमारिल भट्टाच्या मीमांसेला एक, प्रभाकराच्या मीमांसेला एक, न्यायाला एक. एकमेकांशी हाडवैर असलेल्या दोन मीमांसा-पंथांना एकाच छपराखाली स्वतंत्र आचार्य दिले, याचे मला फार कौतुक वाटते. आणि सहा सरस्वतीभांडारिक, म्हणजे ग्रंथपाल. अडीचशे विद्यार्थ्यांना सहा ग्रंथपाल! आज आपल्या जिल्ह्यातल्या किती महाविद्यालयांत ग्रंथपालाची एक जागा भरलेली आहे, ते ज्याने त्याने आपापल्या गावात जाऊन पाहावे.

लातूरच्या पापविनाशक मंदिरातला लेख बाराव्या शतकातला, तिसऱ्या सोमेश्वराच्या वेळचा. या नगरीत पाचशे विद्वान राहतात, असे तो सांगतो. पाचशे हा आकडा प्रशस्तीतला, तो मोजून दिलेला नसावा. पण विद्वानांची वस्ती हा गावाचा डौल म्हणून दगडावर कोरावासा वाटला, हे तर खरे. हा सोमेश्वर स्वतःही लिहिणारा. ११२९ च्या सुमारास त्याच्या नावावर ‘मानसोल्लास’ झाला. पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय. राज्य कसे मिळवावे इथपासून ते हत्ती, औषधे, मासळी, उडदाचे वडे, चित्रकला आणि गाणे इथपर्यंत. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या सातव्या कॉन्स्टन्टाइननेही दरबारी रीतिभाती, परराज्ये आणि शेतीवाडी यांवरचे असेच जाडजूड संग्रह करवले होते. पण सोमेश्वराच्या संग्रहात एक नोंद आहे जी माझ्या दृष्टीने बाकी सगळ्यावर मात करते. महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात, असे त्यात लिहिले आहे. राजाच्या विश्वकोशात मुसळापाशी बसलेली आपली बाई शिरली.

शिरली ती गाण्यापुरती. शाळेत तिला जागा नव्हती. साळोटगीच्या सत्तावीस घरांत, नागावीच्या अडीचशे विद्यार्थ्यांत ती नाही. ती शाळा ज्यांच्या रानातल्या घामावर चालत होती ते शेतकरी, तेली, कुंभार, मांग, महारही त्यांत नाहीत. रूममध्येही सरदार-कारकुनांची पोरेच बहुतेक. सम्राटाची मुलगी असलेल्या ॲना कोम्नेनेलासुद्धा व्याकरण चोरून शिकावे लागले. आईबापांना जुने कवी मुलीने वाचणे पसंत नव्हते, म्हणून वाड्यातल्या खोजांकडून ती धडे घेई. पुढे तिने बापाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला, तो आजही वाचला जातो. या शाळांचे गोडवे गाताना त्यांच्या बंद दारांबद्दल मौन पाळणे मला जमणार नाही.

ती दारे आपल्याकडे पहिल्यांदा किलकिली केली ती शाळेबाहेरच्या माणसांनी. तेराव्या शतकात चक्रधरस्वामी गोदाकाठच्या मराठीत बोलत हिंडले. त्यांच्यामागे ‘लीळाचरित्र’ जुळवणारे म्हाइंभट हे पक्के शास्त्री होते. तरी महानुभाव पंथाचे आचार्य नागदेव यांचा आग्रह असा की ग्रंथ मराठीतच व्हावेत, नाहीतर माझ्या म्हाताऱ्या बायाबापड्या नागवल्या जातील. शिष्या महदंबा प्रश्न विचारविचारून स्वामींना थांबवी. तिचे धवळे मराठी कवितेच्या उगमाशी उभे आहेत. देवगिरीच्या दरबारात तेव्हा हेमाद्री ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा संस्कृत महाग्रंथ रचीत होता आणि बोपदेव व्याकरण लिहीत होता. दोन्ही विद्याच. पण लोह्यासारख्या गावातल्या माणसाच्या तोंडी आली ती पहिली.

पैशाची व्यवस्था मराठीत कोरण्याचे काम मात्र आणखी आधी झाले होते. चाळीसगावजवळच्या पाटणला, पाटणादेवीच्या डोंगरापायथ्याशी, १२०७ सालचा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. ‘सिद्धान्तशिरोमणी’ लिहिणाऱ्या भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा राजज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला. दरबारी ज्योतिष्याने शाळा दरबारात ठेवली नाही, डोंगराच्या कुशीत नेली. निकुंभ घराण्यातल्या स्थानिक सामंतांनी दान दिले. लेखातला वंशावळीचा, थोरवीचा भाग संस्कृतात आहे. शेवटी कुणी काय द्यायचे ही बाब आली की भाषा मराठी होते: बाजारातल्या खरेदीविक्रीवरचा वाटा, धान्याचा वाटा, तेलाच्या घाण्यावरचा वाटा. इथेही तेल आहेच. ज्यांनी द्यायचे त्यांना वाचून दाखवता यावे, म्हणून मराठी. ग्रहगणिताच्या एका शाळेचा जमाखर्च मराठीच्या अगदी जुन्या लेखांत मोडावा, हा आपल्या भाषेचा मान आहे. शाळेच्या पुस्तकांत तो ठळक छापायला हवा.

पुढची कथा थोडक्यात. १४५३ मध्ये दुसऱ्या महंमदाने कॉन्स्टॅन्टिनोपल घेतले आणि काही वर्षांतच आपल्या मशिदीभोवती आठ मदरसे बांधले. उदगीरपासून फार लांब नसलेल्या बीदरला बहमनींचा वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये तीन मजली मदरसा उभा केला. इराणहून आलेल्या या माणसाचा पत्रव्यवहार पार त्या महंमद सुलतानापर्यंत होता. गावानने राहण्या-जेवणाची सोय केली, ग्रंथालय जमवले. १४८१ साली कान भरलेल्या सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने मदरशाचा मोठा भाग उडाला. उरलेल्या मनोऱ्यावरची निळीहिरवी कौले आजही जागोजाग दिसतात.

निजामी राजवटीत आमच्या भागाची शिक्षणात काय परवड झाली, ते घरोघरच्या आजोबांना ठाऊक होते. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ झाले ते उर्दू माध्यमाचे. मराठी पोराला पुढे शिकायचे तर आधी भाषेचा डोंगर चढायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली, त्यानंतर दोनच वर्षांत स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले. नरहर कुरुंदकर तिथेच शिकवत आणि पुढे प्राचार्य झाले. नाट्यशास्त्रापासून मनुस्मृतीपर्यंत कशावरही ते बोलत ते व्यासपीठावर, गावोगाव, कुणालाही समजेल असे. त्याच १९५० साली बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केले आणि साळोटगी-नागावीला जे दार कधीच उघडले नव्हते ते उघडले. कंधारला भाई केशवराव धोंडग्यांनी श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी काढली. मन्याडच्या खोऱ्यातल्या ज्या घरांत पाटी आलीच नव्हती, तिथली पोरे तिच्या शाळांत आणि वसतिगृहांत शिकली. गावोगाव धान्य आणि वर्गणी मागून उभ्या राहिलेल्या या संस्थांचे बळ पाटणच्या लेखातल्या बळाशी सख्खे नाते सांगते.

आज काय आहे? नव्वदच्या दशकात राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’चे नाव राज्यभर झाले. त्यात शिक्षकांचे कष्ट होते, हे मी मनापासून मानतो. मागास म्हटल्या गेलेल्या भागातली पोरे डॉक्टर-इंजिनिअर झाली, हे छोटे काम नाही. आता लातूरला आणि नांदेडलाही गल्ल्याच्या गल्ल्या खोल्यांच्या आहेत. दारावर ‘रूम भाड्याने देणे आहे, फक्त मुलींसाठी’, खाली मेस, शेजारी झेरॉक्स, वर अभ्यासिका. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेला दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बसणारा ‘रिपीटर’ ही तिथली नेहमीची ओळख. मुली मोठ्या संख्येने आहेत, हे पाहून बरे वाटते.

लोह्याच्या बाजारात ओळखीचा एक शेतकरी भेटला. मुलगी लातूरला ठेवली आहे. “क्लासची फी, रूम, मेस, सगळं मिळून रानानं झेपंना. दोन एकर ठोक्यानं दिलंय,” तो म्हणाला. “पोरगी पास झाली तर सुटल.” मी घरी येऊन साळोटगीच्या लेखाचे टिपण पुन्हा काढले. दिव्याला जमीन तेव्हाही लागत होती, आताही लागते. तेव्हा ती गावाने मिळून दिली होती, परगावच्या, ज्यांची नावेही माहीत नाहीत अशा मुलांसाठी आणि कायमची. आता प्रत्येक जण आपापली दोन एकरे आपापल्या पोरीसाठी एकट्याने लावतो. ज्याच्याकडे दोन एकरे नाहीत त्याच्या पोरीचे काय, याचे उत्तर खोल्यांच्या गल्लीत सापडत नाही. जुन्या शाळांचे दार जातीने बंद होते. ते फोडायला हजार वर्षे गेली. त्याच जागी फीचे दार बसू नये, असे मला तळमळून वाटते.

म्हणून एक गोष्ट मांडतो. दरवर्षी मार्गशीर्षात आमच्या तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट, बैल, लांबलांबून व्यापारी, पाले, तमाशाचे फड. या यात्रेत उलाढाल मोठी होते. पाटणच्या बाजारावर जसा ग्रहगणिताच्या मठाचा वाटा लिहून ठेवला होता, तसा माळेगावच्या उत्पन्नावर तालुक्याच्या एका अभ्यासिकेचा वाटा ठरावाने लिहून ठेवता येईल. जो कुणी सत्तेवर येईल त्याच्या मर्जीवर तो असू नये. मागायचे ते थोडेच आहे: लोह्यात शंभर मुलामुलींना बसता येईल अशी जागा, रात्री अकरापर्यंत वीज आणि तिच्या बिलाची कायमची तरतूद, पगारी ग्रंथपाल, खेड्यांतून येणाऱ्यांना संध्याकाळचे जेवण. जेवणाचा भार लग्नघरांनी उचलावा, असे मी सुचवणार आहे. इथल्या लग्नांत अन्न उरते ते सगळ्यांनी पाहिले आहे. अर्ज लिहून झाला आहे. एक प्रत नगरपालिकेला, एक माळेगावच्या ग्रामपंचायतीला, एक जिल्हा परिषदेला. सोबत साळोटगीच्या कलमांचे मराठी टिपण जोडले आहे आणि दिव्यांच्या जमिनीचे कलम सर्वांत वर घेतले आहे.